दौलतदादाला हवं होतं ते गाणं

दुपारचं जेवण झालं, दोन भांडी होती ती विसळून पालथी घातली, आणि सुगंधाबाई चटईवर आडव्या झाल्या आहेत. उशाशी टेप चालू आहे. खिडकीला जुनी साडी लावलेली, तिच्यातून येणारं ऊन खोलीभर तांबूस पसरलंय. टेपमधल्या कार्यक्रमात गाण्याचं एक कडवं संपतं, पेटीवाला सूर धरून बसतो आणि गर्दीत एक माणूस खोकतो. हा खोकला त्यांच्या ओळखीचा आहे. दुसऱ्या कडव्याच्या आधी तो माणूस बरोबर तीनदा खोकतो.

एकदा. दोनदा. सुगंधाबाईंच्या पापण्या जड होतात. तिसरा खोकला टेपमधून येत नाही. तो दारापाशी येतो.

पण आधी हे रोज दुपारी कॅसेट लावणं कशासाठी, ते सांगायला हवं.

दौलत खरात हा त्यांचा थोरला भाऊ. जालन्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. हात सदा काळे, आणि कानात सदा गाणं. गोदावरीबाई खिल्लारे आणि त्यांची गायन पार्टी म्हणजे त्याचा जीव की प्राण. एप्रिलात जयंतीचे दिवस आले की बाई आज परतूरला, उद्या अंबडला, परवा सेलूला, आणि दौलत त्यांच्या मागे मागे. जवळ असेल तर सायकलनं, लांब असेल तर एसटीनं. सुगंधा लहान होती तेव्हा तीही कॅरियरवर. एक्क्याऐंशी साली त्यानं टेप घेतला आणि तेव्हापासून तो कर्ण्याच्या खांबाशीच बसायला लागला. धूळ बसू नये म्हणून टेपवर टॉवेल, आणि स्वतः शेजारी राखणीला. घरी आल्यावर कागदाच्या पट्टीवर गाव आणि साल लिहायचं, पट्टी डबीत सरकवायची. अशा अडीचशेच्या आसपास कॅसेटी झाल्या.

दुकानातल्या कॅसेटीही त्याच्याकडे होत्या. त्या तो पाहुण्यांना ऐकवायचा. एकटा असला की स्वतःच्याच लावायचा. दुकानातल्या कॅसेटीत माणसं नसतात, म्हणायचा. त्याच्या कॅसेटींत माणसं होती. खोकणारी, पाणी मागणारी, रडणारी लेकरं, पोरांना हाका मारणाऱ्या बाया. सगळ्यांत लाडकी परतूरची, चौऱ्याऐंशीची. त्या दिवशी विहिरीचं गाणं ऐन रंगात आलं आणि लाइट गेली. माइक बंद, कर्णा बंद. गोदावरीबाई थांबल्या नाहीत. तशाच, उघड्या आवाजात गात राहिल्या, आणि चार-पाच हजार माणूस श्वास धरून बसलं. दौलतचा टेप सेलवर होता म्हणून ते सगळं त्यात उतरलं. ती जागा आली की तो बोट वर करायचा आणि समोरचा माणूस गप्प व्हायचा.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वहिनी आधीच गेलेली, मुलगा पुण्यात कंपनीत. सुगंधाबाई नर्सच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, स्वतःचं असं कुणी नव्हतं. त्या भावाकडे राहायला आल्या. चौदा महिने त्यांनी त्याचं सगळं केलं.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यानं डावा हात टेपकडे केला. बोटं हलवली, घशातून आवाज काढला. त्यांना वाटलं गाणं मागतोय. एक कॅसेट लावली, त्यानं मान हलवली, ही नको. दुसरी लावली, तीही नको. अकरा कॅसेटी झाल्या. बाराव्या कॅसेटीला त्यानं मान हलवायचं सोडून दिलं, आणि चारच्या सुमाराला तो गेला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्याला कोणतं गाणं हवं होतं? रोज दुपारी एक कॅसेट, दोन्ही बाजू, असं करत त्या शोधतायत. सगळ्या दोनदा ऐकून झाल्या, आता तिसऱ्यांदा चालू आहेत. शोधून काय करायचं, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि त्या दुपारची आणखी एक गोष्ट आहे, ती त्यांनी कुणालाच सांगितलेली नाही.

तर, तिसरा खोकला दारापाशी येतो.

सुगंधाबाई उठून दार उघडतात. बाहेर गल्ली नाही. सायकलचं कॅरियर आहे आणि त्या त्याच्यावर बसलेल्या आहेत. पाय जमिनीला पुरत नाहीत. इथं त्यांना कुणी बाई म्हणणार नाही, इथं ती नुसती सुगंधा आहे. पुढं सायकल कोण चालवतंय ते दिसत नाही, पाठीवरचा घामेजला सदरा तेवढा दिसतो. ती त्या पाठीला विचारते, कुठं चाललो आपण? चाकाखालचा रस्ता मऊ मऊ होत जातो आणि मग सायकल नाहीच, ती मैदानात अनवाणी उभी आहे.

भर दुपार आहे, तरी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या लावलेल्या. उन्हात त्यांचा उजेड पडत नाही, नुसता फर्रर्र आवाज येतो. जमिनीवर निळा गुलाल घोट्याएवढा, पिठासारखा. पाऊल उचललं की खड्डा पडतो आणि लगेच भरून येतो. माणसं दाटीवाटीनं बसलीयत आणि प्रत्येकाच्या छातीवर कागदाची पट्टी. पट्टीवर अक्षर दौलतदादाचं. अंबड, ब्याऐंशी. सेलू, सत्त्याऐंशी. मंठा, एक्क्याण्णव.

तिला एकही चेहरा ओळखीचा वाटत नाही. मग टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस तीनदा खोकतो, आणि ती सगळ्यांना ओळखते. ते पाणी मागणारे आजोबा. तो आईच्या मांडीवर हुंदके देणारा पोरगा. चाळीस वर्षं झाली, पण पोरगा तेवढाच आहे आणि हुंदकाही तोच आहे.

खोकणारा सरकून तिला जागा देतो. रोज दुपारी तुम्ही येता, म्हणतो, पण बसत नाही कधी.

ती बसते. मागून कुणीतरी तिचा पदर ओढतं. हिरव्या लुगड्यातली एक बाई आहे, पट्टीवर परतूर, चौऱ्याऐंशी. तिनं तोंड उघडायच्या आधीच सुगंधाला कळतं, ही बाई त्या कॅसेटच्या अगदी शेवटी आहे. ए शांते, अशी हाक मारते, पुन्हा मारते, आणि कॅसेट संपते.

"ताई," ती बाई अगदी हळू विचारते, "कॅसेट संपल्यावर शांता आली का?"

आली असेल, असं सुगंधा म्हणते. बाई मान डोलावते, पण तिचा विश्वास बसलेला नाही. ती परत गर्दीकडे तोंड करून बसते आणि हाक मारायला श्वास घेते.

मंचावर गोदावरीबाई उभ्या राहतात. ढोलकी सुरू होते. विहिरीचं गाणं. कर्ण्यातून आवाज असा कोसळतो की गुलाल थरथरायला लागतो. आणि खांबाच्या बुडाशी दौलतदादा बसलेला आहे. तिशीतला, दाट केसांचा, डेपोतला खाकी सदरा. शेजारी टेप नाही. मांडीवर टॉवेल आहे, घडी घातलेला, आणि दोन्ही हात त्याच्यावर शांत ठेवलेले.

ती माणसांतून वाट काढत जाते. कुणाच्या अंगाला पाय लागला तर तिथलं अंग थंड लागतं. जवळ गेल्यावर ती ओरडून सांगते, मी दोन वर्षं शोधतेय. तो कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण करतो. मग लहानपणी कार्यक्रमात बोलायचे तसं ती त्याच्या कानाला तोंड लावते.

"दादा, तुला कोणतं गाणं पाहिजे होतं?"

तो तिच्याकडे बघतो. मग तिच्या कानाशी येतो. वाचा आहे त्याला. स्वच्छ, पूर्वीसारखी.

"कोणतंच नाही. बंद कर म्हणायलो होतो."

ती खांब धरते. खांब हाताला लाकडी लागतो, कारण तो खाटेचा पाय आहे. घरातली खोली आहे, खिडकीला साडी, आणि दादा खाटेवर आडवा. केस पांढरे झालेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. पण मैदानही गेलेलं नाही. सगळी माणसं खोलीत जमिनीवर बसलेली आहेत, भिंतीपर्यंत आणि भिंतीच्या पलीकडेही. चादरीवर बारा कॅसेटी पसरलेल्या. गाणं तेवढ्याच जोरात चालू आहे.

"बंद का?" ती विचारते. "जन्मभर ऐकलंस."

"तू काहीतरी सांगायली होतीस. पायाशी बसून. तुझे ओठ हलायले होते, मला दिसायलं होतं. गाण्यात काही ऐकू येईना. काय सांगायली होतीस?"

हीच ती दुसरी गोष्ट. बारावी कॅसेट लावल्यावर तिनं आवाज मुद्दाम वाढवला होता. मग त्याच्या पायाशी बसून, पाय चेपता चेपता, ती बोलली होती. त्याला ऐकू जाऊ नये म्हणूनच आवाज वाढवलेला. तरी गेलं असेल तर? तो त्यानंतर अर्ध्या तासात गेला. ऐकून गेला असेल तर? दोन वर्षं गाणं शोधता शोधता ती खरं म्हणजे याच्याच भोवती फिरत होती.

काही नाही, ती म्हणते. असंच, घरातलं.

तो मान हलवतो. हे नको. अगदी त्या दिवशी हलवली होती तशी.

दुधाचं सांगत होते, ती म्हणते. तो मान हलवतो. पुण्याहून फोन आला होता त्याचं. तो मान हलवतो. खाली बसलेली माणसंही आता तिच्याकडे बघायला लागलीयत. खोकणारा खोकायचा थांबलाय. पोरगा हुंदका आवरून बसलाय.

ती वाकते, त्याच्या कानाशी तोंड नेते आणि बोलायला लागते. गाण्याच्या आडोशानं बोलता येईल असं तिला वाटतं. आणि नेमकी त्याच क्षणी लाइट जाते. कर्णा बंद, ढोलकी बंद. गोदावरीबाईंचेही ओठ मिटलेले आहेत. चार-पाच हजार माणूस श्वास धरून बसलेलं, आणि त्या शांततेत तिचा एकटीचा आवाज, उघडा, मोठा, शेवटच्या माणसापर्यंत जातो.

"दादा, आता सुट. मला होत नाही रे. तू गेलास तर मी झोपेन तरी."

बत्त्यांचा फर्रर्र आवाज तेवढा राहतो. सुगंधा मान वर करू शकत नाही. चादरीवरच्या कॅसेटींकडे बघत राहते. त्यांच्या पट्ट्यांवर आता काहीच लिहिलेलं नाही.

"हे होतं होय," दौलतदादा म्हणतो.

"तुला ऐकू आलं होतं का त्या दिवशी?"

"आलं असतं तर आज विचारलं असतं का?"

ती विचारते की आता कळल्यावर राग आला का. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं आणि मेल्यावरही जमत नाहीये, हे तिला दिसतं.

"आला," तो म्हणतो. "थोडा आला. जाईल."

मग पुढं म्हणतो, "तू झोपलीस का पण?"

नाही, ती सांगते. झोप लागत नाही. दुपारी लागते जराशी, तीही कॅसेट चालू असली तर. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतो, आणि लाइट येते. कर्णा, ढोलकी, गोदावरीबाई, सगळं एकदम अंगावर येतं. माणसं टाळ्यांचा ठेका धरतात, गुलाल उधळला जातो, हवा निळी होते. तिला खाट दिसेना, खोली दिसेना. दोन हात तिचं डोकं धरतात. दादाचं तोंड तिच्या कानाला लागतं. तो बोलतोय. ऊन ऊन श्वास कानात जातोय, ओठ हलतायत, एक पूर्ण वाक्य आहे, मग दुसरं. पण गाण्यात तिला एक शब्दही ऐकू येत नाही.

काय म्हणालास, ती ओरडते. दादा, बंद करायला सांग ना ते. परत म्हण.

टक् असा आवाज होतो.

सुगंधाबाई डोळे उघडतात. कॅसेट संपलीय, टेपचं बटण वर आलंय. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं. शेजारच्या घरात कुणीतरी बादली सरकवतं. घड्याळात चार वाजून गेलेत.

दुसरी बाजू लावायला त्यांचा हात सवयीनं टेपकडे जातो. तिथंच थांबतो. त्या उठून बसतात आणि कान देऊन ऐकतात. खोलीत कसलाही आवाज नाही. किती वर्षांत ही खोली अशी ऐकली नव्हती.

उजव्या कानात हुळहुळल्यासारखं होतं. झोपेत घाम आला असेल, असं वाटून त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळतात आणि कानात फिरवतात. बाहेर काढून बघतात तर पांढऱ्या पदरावर निळा गुलाल लागलेला. कोरडा आणि बारीक.

त्या पदर तसाच हातात धरून बसतात. कानात अजून थोडा राहिलाय, तो जाणवतो. तो पुसावा की राहू द्यावा, हे त्यांना दिवेलागण होईपर्यंत ठरवता येत नाही.