वस्तादांवरची पाळत

वस्ताद गिऱ्हाइकाला नमस्कार करत नसत, पाणी विचारत नसत, नावही विचारत नसत. गाडी दारात आली की बॉनेट उघडायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न, "ह्याला कुणी हात लावला?" फौजदाराने विचारावं तसा. गिऱ्हाईक आधीच्या मेकॅनिकचं नाव सांगे आणि मग त्या माणसाचा उद्धार करत वस्ताद एकेक नट खोलत. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने भीत भीत सांगितलं, "तुमीच, वस्ताद. मागल्या दिवाळीत." वस्ताद क्षणभर थांबले. "मग नंतर चालवायला कुणाला दिलतास?" म्हणाले, आणि शिव्या त्या ट्रॅक्टरवाल्याच्या भावाकडे वळल्या.

ताडकळसच्या रस्त्यावरचं ते पत्र्याचं गॅरेज आता बंद आहे. वस्ताद लेकीकडे निजामाबादला गेले. मी त्या गॅरेजात अठरा दिवस बसले होते. काम शिकायला नाही, त्यांच्यावर पाळत ठेवायला. मला ते आवडत नसत आणि त्यांना मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज होणार नाही.

आमच्या घरी शेळ्यामेंढ्या. पप्पांनी तरुणपणी जुनी पिकअप घेतली आणि स्वतःच्या जनावरांबरोबर गावातल्या सगळ्यांच्या शेळ्या बाजाराला न्यायला लागले. मी परभणीला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, ते त्या पिकअपच्या जिवावर. गेल्या वर्षी माझी परीक्षा संपून मी घरी आले आणि त्याच आठवड्यात तिचं इंजिन जाम झालं. पप्पांनी अपघातात चेपलेल्या एका जीपचं इंजिन मिळवलं आणि ते बसवायला गाडी वस्तादांकडे ओढत नेली. तेवढ्यात गावातल्या एकाने नवी पिकअप आणली. लोक त्याच्या गाडीत शेळ्या भरू लागले. एकदा लोकांना तिकडची सवय झाली की परत येणार नाहीत, हे पप्पांना कळत होतं. त्यांनी स्वतःलाच मुदत घातली : तीन बाजार. तोवर गाडी चालू झाली नाही, तर ती भंगारात द्यायची आणि त्या नव्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून राहायचं.

पप्पांना वस्तादांच्या हाताबद्दल शंका नव्हती, दानतीबद्दल होती. कुणीतरी कान भरले होते की मेकॅनिक लोक चांगले पार्ट काढून जुने घालतात. पप्पा म्हणाले, "माय, तू शिकलेली हायस. तिथं नुसती बसून राहा आन् काय काढलं, काय घातलं, लिहून ठेव." मी माणसांत बोलायला घाबरते. नुसतं बसायचं असेल तर मला जमेल असं वाटलं.

वस्तादांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. मी वही उघडली, तसे ते गाडीखालून म्हणाले, "आली का सीसीटीव्ही? रेकॉर्डिंग चालू हाय न्हवं?" त्यानंतर ते माझं नाव कधी घेत नसत. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून सांगत, "हळू बोल बाबा, कॅमेरा लावलाय बकरीवाल्यानं." मला बसायला त्यांनी जीपची फाटकी सीट दिली होती, तिची एक स्प्रिंग बाहेर आलेली. ती दुसरीकडे वळवून ठेवता आली असती. त्यांनी वळवली नाही आणि मीही मागितलं नाही.

त्यांचा दुसरा नियम असा की गॅरेजात प्रश्न विचारायचा नाही. सहाव्या दिवशी मी धीर करून विचारलं, "हे कशासाठी आहे?" ते हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे वळले. "हे कशासाठी आहे!" माझ्या आवाजात, माझ्या शहरी उच्चारात. "इंग्लिशमदी शिकून बी इचारायलीस? बघायला ठिवलंय ना तुला बापानं? मंग बघ. तोंड उघडायचं काम न्हाई." समोरच्या टपरीवरची माणसं हसली. त्या दिवशीपासून मी तोंड उघडलं नाही. वहीत मात्र सगळं लिहीत गेले, जास्तच बारकाईने. त्यात थोडी खुन्नस होती.

इंजिन बसलं. इंजिन टेकवायला वेल्डिंग करून नवे खुंट लावावे लागले, ते त्यांनी इतके नीट लावले की मला नाइलाजाने तेही लिहावं लागलं. पण गाडी काही चालू होईना. दिवे लखलखीत, हॉर्न खणखणीत, आणि चावी फिरवली की इंजिन फक्त कण्हल्यासारखं करी. घर्र... घर्र... आणि बंद. वस्तादांनी बॅटरी बदलून पाहिली. इंजिनाला फिरवणारी सेल्फची मोटर खोलून घासली. डिझेलच्या नळीतली हवा दोनदा काढली. प्रत्येक वेळी चावी फिरवायची, तेच कण्हणं, आणि प्रत्येक वेळी नवी शिवी. दोन बाजार हुकले.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसली होती. चावी बराच वेळ फिरवली की ॲक्सिलरेटरची केबल गरम होई. आधीच्या केबलचं वरचं प्लास्टिक मऊ होऊन वाकलं, तेव्हा वस्तादांनी "हलका माल" म्हणून ती फेकली होती. नवीही तशीच मऊ पडली. मी हळूच बोट लावून पाहिलं आणि चटका बसला. हे मी वहीत दोन वेळा लिहिलं, पण त्यांना सांगितलं नाही. तोंड उघडायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं. आणि खरं सांगते, मला त्यांना हरलेलं बघायचं होतं. त्यांच्या हरण्यात पप्पांची गाडी जाणार आहे, हे दोन दिवस माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दुपारी ते डोक्यात आलं. मी उठले, बोलले नाही, वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. वस्तादांनी वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर. मग केबलला हात लावून पाहिला. मग इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. वर आले तेव्हा चेहरा काळा पडला होता.

"आरं तिच्या मायला," ते म्हणाले, "हिला अर्थच न्हाई!"

पाना आपटला, आपल्या मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेले.

मी उभीच राहिले. आधी वाटलं, माझ्या वहीला म्हणाले. मग वाटलं, मला. शेवटी कळलं की गाडीला म्हणाले : अठरा दिवसांनी त्यांनी हात टेकले. संध्याकाळी घरी पप्पांनी विचारलं, "काय म्हणला वस्ताद?" मी सांगितलं, "हिला अर्थच न्हाई, म्हणाले. आणि निघून गेले." पप्पांनी भंगारवाल्याला फोन लावला.

सकाळी आम्ही गॅरेजवर पोचलो तेव्हा भंगारवाल्याचा ट्रॅक्टर आला होता आणि त्याचा माणूस पिकअपला साखळी बांधत होता. तेवढ्यात वस्ताद आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. साखळी बघून ते मोटारसायकल स्टँडला लावायचंही विसरले. ती तशीच आडवी पडली.

"कुणी हात लावला? कुणाला इचारून हात लावला?"

"तुमीच म्हणलात न्हवं," पप्पा म्हणाले, "अर्थ न्हाई म्हणून."

"मंग? न्हाईच हाय! जुन्या इंजिनासंगट गेला. मीच काढून फेकला, माजीच चूक. हे बघा, परभणीहून आणलाय." त्यांनी कागद उलगडला. आत तांब्याच्या तारांची वेणीसारखी जाड पट्टी होती.

इंजिनापासून सांगाड्यापर्यंत ती अर्थिंगची पट्टी लागते. तिच्यातून करंट परत जातो. ती नसेल तर तो मिळेल त्या वाटेने जातो. इथे तो केबलमधून जात होता. शाळेत मी हाच इंग्रजी शब्द, 'अर्थ' म्हणजे पृथ्वी, जीभ दातांत धरून म्हणायला शिकले होते, त्यामुळे वस्तादांच्या तोंडी तो मला ओळखताच आला नाही.

पप्पांचा विश्वास बसेना. "वस्ताद, आता शब्द गेलाय माजा. उगं दिवस वाढवू नका." भंगारवाल्याने साखळी ताणायला सांगितली. वस्ताद माझ्याकडे वळले. "इचारा हिला. हिनंच दावली केबल." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "पप्पा, थांबा. मला कळलं नाही. अर्थ म्हणजे अर्थिंग. चूक माझी आहे. गाडी चालू होईल." आवाज इतका मोठा निघाला की टपरीवरचे लोक उठून उभे राहिले.

दोन बोल्ट. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चावी फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. पप्पांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली. भंगारवाल्याने बडबडत साखळी सोडली.

वस्तादांनी गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली.

"आता सांगा, बकरीवाले. पोरीला इथं कशापायी बसवलं हुतं?"

"तसं न्हाई वस्ताद... शिकंल म्हणलं जरा..."

"तू सांग गं."

"तुम्ही पार्ट बदलाल म्हणून," मी म्हणाले.

पप्पांनी डोळे मिटले. वस्तादांनी मान हलवली. ते त्यांना माहीतच होतं, फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी चावी बॉनेटवर ठेवली. "न्या. आन् पुन्ना माज्या दारात पाय ठिवायचा न्हाई. दोघांनी बी." त्या बाजाराला आम्ही उशिरा पोचलो, पण पोचलो. महिन्याभरात गावातली निम्मी माणसं परत पप्पांकडे आली.

वस्तादांच्या दारात मात्र आम्ही पुन्हा गेलो नाही. काम निघालं की पप्पा गाडी परभणीला नेत. पण बाजाराचा रस्ता गॅरेजवरूनच जायचा. शेळ्यांनी भरलेली गाडी जवळ आली की वस्ताद हातातलं काम थांबवत. आमच्याकडे बघत नसत. मान कलती करून नुसतं इंजिन ऐकत, आणि आम्ही पुढे गेलो की परत वाकत. थंडीत एकदा ते धावत रस्त्याच्या कडेला आले आणि ओरडले, "टॅपेट वाजायलेत! कान फुटले का रं, बकरीवाले?"

पप्पांनी गाडी थांबवली नाही. बाजारात शेळ्या उतरवल्या, थेट परभणी गाठली आणि इंजिनाचे टॅपेट जुळवून घेतले. पुढच्या बाजाराला गॅरेज जवळ आलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता गाडी दुसऱ्या गिअरवर आणली आणि अगदी हळू घेतली. वस्ताद उभे राहिले. शेवटपर्यंत ऐकलं. मग रस्त्यावर थुंकले आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

"बरोबर हाय म्हणायलाय," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.