उसनी गांडुळं

गांडुळांच्या बेडमध्ये मी कोपरापर्यंत हात घालते तेव्हा शहरातून भाजी घ्यायला आलेल्या बायका तोंड वाकडं करतात. एकीने विचारलंही, "तुम्हाला किळस नाही येत?" गांडुळांची नाही येत, असं म्हणून मी मेथीची जुडी तिच्या पिशवीत टाकली. कशाची येते ते सांगायला बसले असते तर तिची बस चुकली असती.

आमचं शेत सातपूरच्या पलीकडे, शहर जिथे संपता संपत नाही तिथे. मेथी, कोथिंबीर, पालक आणि बांधाला झेंडू. नवरा कारखान्यात शिफ्टला जातो, शेत मी पाहते. गांडूळखत मला येवल्याकडच्या एका सरांनी शिकवलं. आमच्या भागात एक लहानशी संस्था होती, ती त्यांना बोलवायची. सर एसटीने यायचे. बॅनर नाही, माईक नाही. आमच्या गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली आम्ही बायका बसायचो आणि चहा आमच्याच घरचा असायचा. त्यांचं पहिलं वाक्य अजून कानात आहे.

"बाकी समदं इसरल्या तरी चालंल. गांडुळावर ऊन पडू द्यायचं नाय, आन् ताजं शेण घालायचं नाय. ताजं शेण तापतं."

दर पंधरवड्याला ते येऊन आमचे खड्डे उकरून बघायचे आणि चुकलं असेल तिथे सगळ्यांसमोर रागवायचे. मला तर दोनदा रागावले. शेवटच्या दिवशी ओल्या गोणपाटात गुंडाळून ओंजळभर गांडुळं त्यांनी माझ्या हातात दिली. त्या ओंजळीची मी तीन वर्षांत भरलेला बेड केला. जमीन अशी भुसभुशीत झाली की मेथी उपटताना मुळं तुटेनात. शेजारच्या शेतातल्या जावेला आणि आळीतल्या आणखी चौघींना मी शब्द दिला होता, पाऊस लागला की माझ्यातली गांडुळं वाटून घेऊ आणि मीच तुम्हाला शिकवीन.

मग संस्थेला मुंबईच्या एका कंपनीचा मोठा निधी मिळाला. छोट्या आणि मध्यम शेतकऱ्यांना शाश्वत शेतीचं प्रशिक्षण, असं त्याचं नाव. ऑफिसला काचेचा दरवाजा आला आणि खूप खिशांचं जाकीट घातलेले एक समन्वयक आले. सरांना बोलावणं बंद झालं. का, तर त्यांच्याकडे प्रेझेंटेशन नव्हतं. प्रशिक्षण हायवेवरच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये झालं. अर्धा दिवस तर पाहुण्यांना शाली घालण्यातच गेला. उरलेल्या वेळात पडद्यावर गांडुळं दाखवली, ती आमच्या मनगटाएवढी दिसत होती. मग गुलाबजाम. चार ठिकाणी सह्या घेतल्या, टोपी दिली, पिशवी दिली आणि प्रत्येकीला गांडूळखतासाठी प्लास्टिकचा, हौदासारखा एक हिरवा बेड दिला. गांडुळं कोणी दिली नाहीत. खत झालं का ते बघायला कोणी आलंही नाही. एकीने त्या बेडमध्ये म्हशीचं पाणी भरलं, एकीने तो कडब्यावर झाकला, जाव त्यात नातवाला अंघोळ घालायची. त्यांचा मला राग नाही. न शिकवता दिलेल्या वस्तूचं माणूस आणखी काय करणार?

एके दिवशी समन्वयक मोटरसायकलवरून माझ्याकडे आले. "ताई, कंपनीची माणसं पाहणीला येतायत. तुमच्याकडची थोडी गांडुळं उसनी हवी होती. दोन तासांत परत."

मी हसले. साखर उसनी देतात, विरजण देतात. गांडुळं उसनी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"पाहणी नीट नाही झाली तर निधी बंद होईल," ते म्हणाले. "बायकांचं प्रशिक्षण तुमच्या एकटीमुळे थांबायला नको. तुम्ही तर आमच्या मास्टर ट्रेनर."

खरं सांगते, धमकीपेक्षा ते मास्टर ट्रेनर मला जास्त लागू पडलं. आजवर मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं. मी बादली भरली आणि नुसती भरली नाही, स्वतः उचलून चालले. पाहुणे एका घरी ओटीवर चहा घेत असायचे तेव्हा मी मागच्या बांधावरून पुढच्या घरी पोचलेली असायची. तिथल्या हिरव्या बेडमध्ये आधी पाचोळा, वर माझी गांडुळं. पाहुणे वाकून बघायचे, फोटो काढायचे आणि ओटीवर चहाला बसायचे. मग मी गांडुळं वेचून पुन्हा बादलीत घ्यायची आणि पुढच्या घराकडे पळायची. तीन घरी त्याच गांडुळांचं कौतुक झालं. संध्याकाळी जाव हसून हसून बेजार झाली. मीही हसले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या पाहणीलाही मी दिली. बादलीतली निम्मी परत आली.

तिसरी पाहणी ऐन वैशाखात आली. मी पहाटेच भाजी घेऊन मार्केटला गेले होते. माझ्यामागे समन्वयक टेम्पो घेऊन आले, जावेला म्हणाले ताईंशी बोलणं झालंय, आणि अख्खा बेड फावड्याने भरून घेऊन गेले. फोटोत भरगच्च दिसायला हवं होतं म्हणे. मी परतले तेव्हा जाव रस्त्यावरच उभी होती. "माझ्या ध्यानातच नाय आलं गं," एवढंच ती म्हणाली.

पाहणी ज्या घरी होती तिथे मी तशीच धावले. अंगणाच्या मधोमध, उन्हात, हिरवा बेड मांडला होता. सावलीत फोटो काळा येतो ना. खाली गोठ्यातून नुकतंच ओढलेलं ताजं शेण, त्यावर माझी गांडुळं. मी हात घातला तर आत चटका बसला. वरची गांडुळं वाळून सुतळीसारखी झाली होती, आतली शिजली होती. वास असा, की मी तोंडाला पदर लावला. फोटो काढून झाले होते आणि पाहुणे आत आमरस खात होते.

तिथून पाहुणे माझ्याकडेही आले. कंपनीच्या मॅडमना म्हणे मूळ बेड बघायचा होता. माझा बेड म्हणजे खरवडलेला खड्डा. मॅडमनी वाकून पाहिलं आणि विचारलं, इथे काहीच कसं नाही?

मी तोंड उघडायच्या आत समन्वयक बोलले. "या ताईंचं जमलं नाही मॅडम. यांना अजून प्रशिक्षणाची गरज आहे. अशाच शेतकऱ्यांना आपण पुढच्या टप्प्यात घेतोय."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, शिकाल हळूहळू." आणि वहीत लिहून घेतलं. समन्वयकांनी पुढच्या टप्प्याच्या नावनोंदणीचा कागद पुढे केला. जाव बघत होती, आळीतल्या चौघी बघत होत्या. मी सही केली. माझ्यामुळे बायकांचं प्रशिक्षण बंद पडू नये म्हणून केली, असं मी घरी सांगितलं. ते खोटं होतं. तीन घरी बादली मीच फिरवली होती, आणि ते मॅडमपुढे बोलायची माझी छाती नव्हती. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त शिसारी त्या जाकिटवाल्याची आली नाही. स्वतःची आली.

पाऊस तोंडावर आला तेव्हा एसटीने येवल्याला गेले आणि सरांचं घर शोधून काढलं. ते अंगणात गोणपाट भिजवत बसले होते. लगेच ओळखलं.

"सर, थोडी गांडुळं द्याल का?"

"तुला? तुझा तर बेड भरलेला व्हता."

"मेली."

"कशानं?"

"उन्हानं," मी म्हणाले. बादलीचं आणि टेम्पोचं सांगितलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, रागवायला हवेच होते. पण ते रागावले नाहीत. आपल्या शिकवण्यातच काही राहून गेलं असावं असा चेहरा करून त्यांनी ओल्या गोणपाटाचा तुकडा माझ्यासमोर अंथरला आणि म्हणाले, "बस. पयल्यापासून सांगतो. पयली गोष्ट, सावली."

मी बसले. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं, आणि मी काहीच येत नसल्यासारखी मान हलवत राहिले.