टर्नरबाईंचं लख्ख वर्कशॉप

टर्नरबाईंनी आयुष्यभर दोनच गोष्टींवर विश्वास ठेवला: मायक्रोमीटरवर आणि पुसलेल्या यंत्रावर. मायक्रोमीटरने त्यांना कधी दगा दिला नाही.

या धंद्यात त्या आल्या त्याच मुळी चुकून. घरात कॉलेजची ऐपत एकाचीच होती आणि ती दादाने वापरली. धाकटीच्या हाताला काहीतरी लागू दे म्हणून वडिलांनी तिला सरकारी प्रशिक्षण संस्थेत नेलं, तर शिवणाचा वर्ग भरलेला. खिडकीतला कारकून म्हणाला, "टर्नरमध्ये जागा आहे. मुलगी घाबरणार नसेल तर लिहितो." मुलगी चांगलीच घाबरली होती, पण तिला विचारतो कोण? शिवण पुढे नवऱ्याच्या रूपाने घरात आलं. तो पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे शिवायचा, आणि बायको लोखंड कातते हे गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकाने सांगायचा.

आठ वर्षं कारखान्यात काढून बाई त्याच संस्थेत निदेशक म्हणून, म्हणजे शिकवायला, परतल्या आणि तेवीस वर्षं तिथेच राहिल्या. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवत ठेवून धारदार टूलने सोलणारं यंत्र. काम चालू असताना गरम कीस उडतो, टूल गार ठेवणारं दुधासारखं कूलंट सांडतं, तेल ठिबकतं, आणि तासाभरात माणूस कोपरापर्यंत काळा होतो. पण दिवसाचा शेवटचा अर्धा तास बाई काम बंद करायला लावत. कीस झाडायचा, चिंधीने बेड, म्हणजे यंत्राचा लांब पाट, पुसायचा, वर तेलाचा पातळ हात फिरवायचा. त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं, "यंत्र न पुसता घरी जातो तो कारागीर नव्हे, भाडेकरू." बाईंनी ते वाक्य तेवीस तुकड्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं. पोरं पाठीमागे त्यांना 'फडकंबाई' म्हणत. म्हणेनात का, पुसत तर होती.

सरकारचा हात या वर्कशॉपवरून फार पूर्वीच उठला होता. आठ लेथ होते, चालत सहा, कारण उरलेल्या दोघांचे अवयव काढून सहांना जगवलं होतं. कच्चा माल येणं चार वर्षांपूर्वी थांबलं. पत्रांवर पत्रं गेली, उत्तर एकच: "आपली मागणी विचाराधीन आहे." शेवटी बाई ओळखीच्या कारखान्यांच्या दारात जाऊन टाकाऊ तुकडे मागून आणू लागल्या. एकच रॉड पहिली तुकडी कातायची, मग दुसरी, मग तिसरी, होता होता तो पेन्सिलीएवढा व्हायचा. त्यावरही बाई एक शेवटचा आटा पाडून घेत, स्क्रूला असतो तसा.

रस्त्यापलीकडे दादा आता शिकवत होता ते कॉलेज होतं. तिथे तीन मजली काचेची नवी इमारत उभी राहिली, तीही सरकारी पैशातून. दादा जेवायला आला की हसत विचारायचा, "काय मग, अजून लोखंडच सोलतेस का?"

"तुझी खुर्ची ज्या नटबोल्टवर उभी आहे ना, ते कोणीतरी सोललेलेच असतात," बाई म्हणायच्या आणि त्याच्या ताटात नको असताना वाढायच्या.

त्या वर्षी तुकडीत बत्तीस वर्षांची एक बाई होती. बाकी सगळी अठरा-एकोणीसची, म्हणून तिला सगळे ताई म्हणत, टर्नरबाईसुद्धा. नवरा सोडून गेलेला, पदरी एक मुलगी. कारखान्यात खोकी भरण्याचं काम सोडून ती इथे आली होती. दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळालं की त्याच कारखान्यात लेथवर लागायचं, हा तिचा हिशोब. तिचा हात असा होता की बाई तिच्या मागे नुसत्या उभ्या राहून बघत. तेवीस वर्षांत असा हात दोनदाच पाहिला, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. ताईचे सहा महिने उरले होते तेव्हा संचालनालयाचं पत्र आलं.

पत्र साधं होतं. गुरुवारी पाहणी. जे विभाग खरोखर चालतात त्यांचं अनुदान पुढे चालू राहील, जे नावापुरते आहेत ते बंद होतील. बाईंना आनंदच झाला. अखेर कोणीतरी डोळ्यांनी बघायला येणार होतं.

सोमवारपासून त्यांनी वर्कशॉप आवरायला काढलं. काढलं म्हणजे अक्षरशः काढलं. कीस उपसून पोत्यात भरला, कूलंटच्या टाक्या रिकाम्या करून धुतल्या, फरशीवरचे वीस वर्षांचे तेलाचे डाग रॉकेल आणि लाकडाचा भुसा टाकून घासले. पोरं गुडघ्यांवर बसून घासत होती. जॉब, म्हणजे पोरांनी कातलेले नमुने, मापाप्रमाणे लावून कपाटात कुलूपबंद झाले. बुधवारी बाईंनी यंत्रांच्या झाकणांना स्वतः करडा रंग दिला.

ताईच्या लेथवर चकमध्ये, म्हणजे लोखंड घट्ट धरणाऱ्या जबड्यात, लांब शाफ्ट लावलेला होता. आटे अर्धे पाडून झाले होते.

"बाई, हा उद्यापर्यंत राहू दे ना चकमध्ये. काढला की पुन्हा त्याच रेषेत बसणार नाही."

"सगळी यंत्रं मोकळी आणि एकावर हे लोंबतंय? कसं दिसेल ते?"

"चार दिवसांचं काम आहे."

"अगं, पुन्हा करशील. तुझ्या हाताला काय अशक्य आहे? काढ."

ताईने काढला. चकची किल्ली जागेवर ठेवताना तिने जरा आपटली.

संस्थेचं भांडार सांभाळणारा म्हातारा, ज्याला सगळे भांडारी म्हणत, दारात उभा राहून हे बघत होता. त्याच्या भांडारात सांभाळायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्याला सगळीकडे बघायला वेळ असे. तो म्हणाला, "बाई, एखादं तरी यंत्र चालू ठेवा. साहेबलोकांना आवाज आवडतो."

"घरी पाहुणे आले की तुम्ही त्यांच्यासमोर भांडी घासत बसता का?"

"पाहुणे कुठले? झडती घ्यायला येताहेत."

"रंग ओला आहे. कीस उडाला तर चिकटेल. शिवाय त्यांच्या कपड्यांवर तेल उडालं तर बोलणी मला."

भांडारीने खांदे उडवले आणि तो शेजारच्या विभागात चहाला गेला. शेजारी वायरमनचा वर्ग होता. तिथले निदेशक इतके आळशी की उघडलेली मोटर दोन वर्षं टेबलावर तशीच पडलेली. तारांची जळमटं, फुटके बल्ब, मधूनच वास. पाहणीचं पत्र त्यांनी वाचलंही नव्हतं.

गुरुवारी साहेब आले. एक तरुण, हातात टॅबलेट. एक पोक्त, हातात रुमाल. पोरं धुतलेल्या गणवेशात रांगेत उभी. खिडकीतून ऊन येत होतं आणि आठही लेथ दागिन्यांच्या दुकानातल्यासारखे चमकत होते. तरुण साहेबाने बेडवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. स्वच्छ. चारी कोपऱ्यांतून फोटो काढले. मालाची नोंदवही मागितली. चार वर्षांत आवक शून्य, खप शून्य. बाई सांगू लागल्या, "माल आम्ही बाहेरून..." तोवर पोक्त साहेब म्हणाले, "छान ठेवलंय." अकरा मिनिटांत ते शेजारी गेले. तिथे निदेशकांची तारांबळ उडाली होती, पोरं सैरावैरा धावत होती, एक पंखा टेबलावर उलटा पडून फिरत होता. तिथे ते पाऊण तास रमले.

संध्याकाळी बाईंनी घरी सांगितलं, "छान ठेवलंय म्हणाले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हणालं."

नवरा सुईत दोरा ओवत होता. "आणि काम? काम बघून काय म्हणाले?"

"काम बंद होतं. स्वच्छता बघितली."

त्याने चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "अगं, माझ्या दुकानात एक चिंधी दिसली नाही तर गिऱ्हाईक कापड तरी देईल का मला?"

बाईंनी त्याला ताट वाढलं आणि त्या आत गेल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे नवऱ्याला कळलं. सकाळी त्याने त्यांचा डबा भरून ठेवला. एवढा शहाणपणा त्याच्यात होता.

सात आठवड्यांनी अहवाल आला. प्राचार्यांनी तो बाईंच्या हातात न देता टेबलावर सरकवला. 'टर्नर विभागातील यंत्रसामग्री वापराविना पडून असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. कच्च्या मालाचा खप निरंक. सबब अनुदान पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही.' खाली वायरमनचा वर्ग: 'विभाग पूर्ण क्षमतेने कार्यरत.'

"माल द्यायचा नाही यांनी, आणि खप नाही म्हणून बंदही यांनीच करायचं?" बाई म्हणाल्या.

"बाई, मी काय करू? माझ्या हातात काय आहे?" प्राचार्य म्हणाले. हे वाक्य ते रोज एकदा तरी म्हणत, आज खरं होतं इतकंच.

भांडारी म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मग बाईंचा चेहरा बघून त्याने स्वतःच त्यांच्यासाठी चहा आणला. त्याने कोणासाठी चहा आणल्याची ती एकच वेळ.

बाई संचालनालयात गेल्या. पिशवीत पोरांच्या कामाच्या वह्या, कातलेले नमुने आणि एक पेन्सिलीएवढा रॉड. अडीच तासांनी तरुण साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता. तेच जास्त वाईट.

"बाई, जे दिसलं ते लिहिलं. एकही यंत्र चालू नव्हतं."

"तुम्ही येणार म्हणून बंद ठेवली होती."

"आम्ही येणार म्हणून लोक चालू करतात हो," साहेब खरोखर चकित होऊन म्हणाले. त्यांनी रॉड हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "हे काय आहे?"

"चार तुकड्यांनी कातलेला एकच रॉड आहे. तुमच्या न आलेल्या मालावर आम्ही असं शिकवतो."

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक करा. त्या दिवशी वीज नव्हती असं लिहून द्या, प्राचार्यांची सही घ्या. मग मी फेरतपासणी लावतो. नाहीतर पुढची पाळी तीन वर्षांनी."

बाईंनी आयुष्यात मापाचा आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. एका पोराने एकदा शतांश मिलिमीटर लपवला तर त्याला आठवडाभर कानस घासायला बसवलं होतं. पण ताईचे चार महिने उरले होते. परतीच्या बसमध्ये मांडीवर वही ठेवून बाईंनी लिहिलं: 'पाहणीच्या दिवशी वीजपुरवठा खंडित असल्याने.' खाली तारीख घातली, मापांच्या वहीत घालत तशीच.

प्राचार्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि परत दिला.

"सही करता येणार नाही, बाई."

"एकदा. माझ्यासाठी नको, पोरांसाठी करा."

"अहो, भिंतीपलीकडे त्या दिवशी पंखा फिरत होता. अहवालात फोटो आहे. वीज नव्हती म्हटलं तर वायरमनचं अनुदानही जाईल. एक विभाग तरी राहू दे."

म्हणजे खोटं बोलायची तयारी झाली, तर त्याचीही सोय नव्हती. बाईंनी कागदाचे चार तुकडे केले आणि तिथेच प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. उचलले नाहीत. एवढंच त्यांनी केलं.

महिन्याभरात विभाग बंद झाला. पोरांना दोन तासांच्या अंतरावरच्या संस्थेत जागा देऊ केली. ज्यांना जमलं ती गेली. ताईला जमणार नव्हतं. मुलीला शाळेतून आणायला दुसरं कोणी नव्हतं. एकवीस महिन्यांचं प्रमाणपत्र मिळतं का, असं तिने विचारलं. असा नियम नाही, असं उत्तर आलं. तेव्हा बाईंनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: ही बाई अमुक अमुक काम अमुक मापापर्यंत अचूक करते, मी स्वतः मोजलेलं आहे. खाली सही आणि तेवीस वर्षांचा अनुभव.

बाईंना निवृत्तीपर्यंत कार्यालयात बसवलं, वायरमनच्या पोरांची हजेरी संगणकावर भरायला. तिथे एका दुपारी ताई आली. उभ्या उभ्या तिने तो कागद घडी करून टेबलावर ठेवला.

"शिक्का नाही म्हणाले कारखान्यात."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. पॅकिंगला परत घेतलंय."

"कसलं पॅकिंग?"

"बोल्ट. खोक्यात मोजून भरायचे." ताई खिडकीबाहेर बघत होती. "आटे फाटलेले असतात, बाई. दहांतले दोन तरी. बोट फिरवलं की कळतं."

"मग सुपरवायझरला सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाला, टर्नर आहेस का तू?"

बाईंनी कागद उचलला, ड्रॉवर उघडला, पुन्हा बंद केला. मग विचारलं, "मग काय करतेस त्यांचं?"

"भरते," ताई म्हणाली.