खरी जर

आमच्या गावावर पाचशे वर्षं बिशपचं राज्य होतं. चर्चमधला बिशप तोच गादीवरचा राजा. कर तोच घ्यायचा आणि वाईट सालात कोठारंही तोच उघडायचा. बिशपच्या काठीखाली जगणं सोपं, असं म्हातारी माणसं म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. १८०२च्या पानगळीत शेजारच्या राजाचे शिपाई आले, त्यांनी वेशीवरचं बिशपचं निशाण उतरवलं, संपलं राज्य. आम्ही बिअर पीत बघत बसलो. सांगायला लाज वाटते.

क्रेसेन्स हाबरस्टॉक तेव्हाही कामातच होती. अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची, मोठ्या चर्चचे पूजेचे झगे शिवायची, दुरुस्त करायची. तिची आईही तेच करायची. मिरवणुकीच्या मोठ्या झग्यावर सोन्याच्या जरीत गव्हाच्या ओंब्या भरता भरता आईचे डोळे गेले. खालचा काठ क्रेसेन्सनं पुरा केला. त्या झग्यावर तिचा जीव होता.

राजाचा कारकून चर्चच्या चीजवस्तूंची मोजदाद करायला येणार, हे कळल्यावर झगे सांभाळणारे फादर इल्डेफोन्स तिला म्हणाले, "काही विचारलं तर मला कळत नाही म्हण. एवढंच कर."

"फादर, मी काय कालची आहे?"

कारकून आला. व्हुर्म्सर त्याचं नाव. तरुण, चष्मेवाला, बोलायला गोड. झग्यांच्या ढिगाकडं बघून लेखनिकाला म्हणाला, "लिहा. जुने झगे, अठ्ठ्याऐंशी. तांब्याची खोटी जर. एकगठ्ठा विकायचे."

झालं, बाईचं डोकं फिरलं. "खोटी? डोळे आहेत की बटणं? खोटी ही, काखेत घामानं हिरवी पडलीय. आणि ही बघा. चाळीस वर्षं झाली, हलला का हिचा पिवळेपणा?"

व्हुर्म्सर चिडला नाही. खुर्ची ओढून बसला, चष्मा पुसला आणि मोठ्या झग्यावरची ओंबी न् ओंबी बघितली. "हा काठ वेगळ्या हाताचा दिसतो," असंही म्हणाला. मग काय, क्रेसेन्स खुलली. दुपारभर बसून तिनं खरी जर एकीकडं, खोटी एकीकडं लावून दिली, खऱ्या जरीच्या एकतीस झग्यांना लाल दोरा बांधला. तिला वाटलं, हे आता राजाच्या चर्चमध्ये जातील, सणासुदीला निघतील. बिशपच्या राज्यात जन्म काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? झगा पूजेसाठीच असतो, एवढंच तिला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिअरभट्टीच्या अंगणातून धूर आला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. लाल दोऱ्याचे एकतीसच्या एकतीस झगे लोखंडी कढईत पेटवले होते, राखेतून सोनं काढायला. ती धावली, तर शिपायानं दंडाला धरून थांबवलं. मोठा झगा जाड होता. त्याला वेळ लागला.

घरी भावजय आफ्रा म्हणाली, "वन्सं, जन्मभर टाके घातलेत, एक स्वतःच्या तोंडाला घालता आला नाही?" एरवी क्रेसेन्सनं तिला तिथल्या तिथं गप्प केलं असतं. त्या दिवशी ती नुसती चुलीपाशी बसून राहिली. चूक आपली आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं.

खोट्या जरीचे झगे कुणी विकतही घेतले नाहीत, ते गावातच राहिले. पुढच्या उन्हाळ्यात मिरवणुकीच्या सकाळी त्यातलाच एक फादर इल्डेफोन्सच्या अंगावर घालून ती शिवण टाचत होती. इतके महिने त्यांनी तिला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र विचारलं, "का बोललीस, क्रेसेन्स? रागानं?"

"राग घटकाभराचा होता, फादर. पुढं दुपारभर बोलले ती तो कारकून बघत होता म्हणून. आईचे डोळे गेले त्या कामात, पण जवळ येऊन तिचा टाका कधी कुणी बघितला नाही. तुम्हीसुद्धा नाही."

बाहेर घंटा सुरू झाली तसा फादरांनी हात वर केला, आणि तिनं काखेतली शिवण पुरी केली.