आमच्याच गल्लीला पाणी

नगरपालिकेच्या निवडणुका लांबल्या होत्या आणि गावावर प्रशासक होता, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते आणि बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहते. एका दुपारी नगरपालिकेचा शिपाई शाळेत येऊन म्हणाला, "मॅडम, साहेबांनी तुमचं नाव वॉर्ड कमिटीत घातलंय. सोमवारी बैठकीला या."

मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. नाव घालण्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं. नवे मुख्याधिकारी तरुण होते, पुण्याकडून आलेले. कारभार सुधारायचा तर लोकांना सोबत घ्यावं लागेल, असं ते सगळीकडे बोलतात हे कानावर आलं होतं. पण मग मीच का? वस्तीत शिकलेली माणसं पुष्कळ होती. मी बाई, बौद्ध आणि शिक्षिका. माझ्या एका खुर्चीत त्यांच्या तीन जागा भरत होत्या.

सासूबाईंना सांगितलं तर त्या भाकरी थापता थापताच म्हणाल्या, "साहेब लोक उगाच कुणाला बोलवत न्हाईत. कशावर तरी अंगठा पायजे असंल."

"आत्या, आता अंगठा कोण घेतंय?"

"मग सही. येकच हाय ते."

तरी मी गेले. बैठक साहेबांच्या केबिनमध्ये, दार लावून. चहा-बिस्किटं आली, फोटो निघाला. "मोकळेपणानं बोला, हा तुमचाच कारभार आहे," असं साहेब दोनदा म्हणाले. कुणी बोललं नाही, कारण आमच्यात वॉर्डाच्या माजी नगरसेवकांचा मेव्हणा बसला होता आणि जो तो त्याच्याकडे बघत होता. शेवटी मीच बोलले. आमच्या वस्तीला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही सगळ्यात शेवटी आणि करंगळीएवढ्या धारेनं. साहेबांनी मान हलवली. मेव्हण्यानं मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

पाण्याच्या पुढच्या पाळीला पहाटे नळाला असा जोर आला की बादली कलंडली. सासूबाईंनी पातेली, घागरी, पिंप सगळं भरून घेतलं. अंगणात सडा घालायला पाणी उरलं, असं कधी झालं नव्हतं. मला आपल्या शब्दाला किंमत आल्यासारखं वाटलं, ते सूर्य वर येईपर्यंतच. विहाराकडे गेले तर मागच्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. पाणी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच आलं होतं. त्यांना एक थेंब नव्हता.

त्या बायांत माझी मैत्रीण होती. मागच्याच गल्लीतली, सरकारी दवाखान्यात आया आहे. संध्याकाळी विहारात वंदनेला आम्ही शेजारी बसायचो. एरवी मला वैनी म्हणणारी ती त्या दिवशी म्हणाली, "मॅडम, तुमच्या नळाला बरं आलं म्हनं." बाकीच्या बाया जमिनीकडे बघत राहिल्या.

घरी आले तर सासूबाई पिंपावर झाकण ठेवत होत्या. म्हणाल्या, "तुजं तोंड बंद करायला सोडलंय हे."

रस्त्याखालचे वॉल फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारा नगरपालिकेचा माणूस मला चौकात भेटला. त्याला विचारलं, आमच्याच गल्लीला का सोडलंस? तो म्हणाला, "वरून सांगितलं." वरून म्हणजे कुणी, तर त्यानं सायकलीवर टांग टाकली. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मला काही कल्पना नाही. पण मॅडम, चांगलंच झालं ना?" खरंच ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून हसत होते? साहेबांनी मला खूश करायला हे केलं असेल, किंवा मेव्हण्यानं मला वस्तीतून तोडायला हे केलं असेल. दोन्ही मला सारखंच शक्य वाटत होतं.

पुढच्या पाळीलाही तसंच झालं. मी आमच्या नळाला लांब पाइप लावून मागच्या गल्लीत, मैत्रिणीच्या टाकीपर्यंत नेला. तिनं तो टाकीत सोडू दिला नाही. "उपकाराचं पानी नको आमाला," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. पाइपातलं पाणी रस्त्यावर वाहत गेलं. घरी येऊन मी नळ बंद केला.

दुसऱ्या बैठकीचा निरोप आला तेव्हा मी कळवलं, बैठक विहारासमोरच्या मोकळ्या जागेत घ्या, सगळ्यांदेखत. नाहीतर माझं नाव काढा. साहेबांचा फोन आला. "कमिटीची बैठक कमिटीपुरती असते, मॅडम."

"म्हणूनच मला यायचं नाही," मी म्हटलं.

ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण आले. मेव्हणाही आला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. सतरंजीवर दोन्ही गल्ल्यांतल्या बाया बसल्या होत्या. साहेबांनी सुरुवात करायच्या आत माझी मैत्रीण उठली. तिनं साहेबांना काही विचारलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आदी हे सांगा, ह्या आमच्याकडून बसल्यात का तुमच्याकडून?"

माझे कान तापले. इतक्या वर्षांची ओळख, आणि चारचौघांत असं. पण तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मी उभी राहिले. म्हटलं, "मला का नेमलं ते मला माहीत नाही. पाणी कुणी सोडलं तेही माहीत नाही. तुम्हाला माझा संशय येतो तर यायलाच पाहिजे. आता असं करा, पाणी सोडताना तुमच्यातल्याच एका बाईला वॉलपाशी उभं राहू द्या."

मग एक म्हातारी मैत्रिणीकडे हात करून म्हणाली, "हिलाच उभी करा की. लय बोलायलीय." बाया हसल्या. मैत्रीण हसली नाही, पण नाही म्हणाली नाही. दोन्ही गल्ल्यांना सारखा वेळ पाणी आणि वॉलपाशी तिच्यासमोर उघडझाप, असं साहेबांना सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं.

तेव्हापासून पाणी सारखं येतं. जोर कुणालाच फार नाही. महिना गेला असेल नसेल, ती एका संध्याकाळी घरी आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, आता मलाच म्हनायलेत. माज्या गल्लीचा वॉल जास्त फिरवती म्हनं." मी तिला चहा दिला. ती अजून मला मॅडमच म्हणते.

साहेबांची बदली झाली. पुढं निवडणूक झाली, मेव्हणा निवडून आला. आता लोकांनी निवडलेली माणसं आहेत, कमिट्यांची गरज उरली नाही, असं त्यानं सांगितलं. वॉलपाशी आता पाळीपाळीनं बाया उभ्या राहतात, ते मात्र त्याला बंद करता आलेलं नाही. परवा नव्या नगरपालिकेची सभा होती. आम्ही सातआठ जणी ऐकायला गेलो. शिपाई म्हणाला, आत खुर्च्या नाहीत.

"आमी उभ्या राहू," मैत्रीण म्हणाली, आणि दारातून आत शिरली. तिच्या मागोमाग आम्हीही.