शाळेवरचे टीन

शाळा बांधायला निघालं की खोल्या होतात तीन आणि किस्से तेरा. खोल्यांना पुढे रंग लागतो, किश्शांना मीठ. मी सांगतोय ते मात्र बिनमिठाचं आहे, कारण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

गाव पांढरकवड्याच्या पुढचं, जंगलाच्या कडेचं. जिल्हा परिषद नुकतीच झाली होती. मी तिथे नवा मास्तर, नोकरी कच्ची. शाळेच्या बांधकाम कमिटीत आम्ही चौघं: सरपंच नामदेवराव, पंचायतीच्या मेंबर यमुनाबाई, रहीम मिस्त्री आणि अर्ज लिहिता येतात म्हणून मी.

*

पाचवी ते सातवीचे वर्ग तेव्हा जिनिंगच्या शेडमध्ये भरायचे. दिवाळी झाली की कापसाच्या बैलबंड्या यायच्या आणि आम्ही गणित अर्धवट टाकून बाहेर. फळा कडुलिंबाला टांगायचा आणि पोरांनी सावलीबरोबर सरकत राहायचं. त्या वर्षी माझं डोकं फिरलं. जिनिंगच्या शेठला जाऊन म्हणालो, पोरांचं फार नुकसान होतंय.

शेठ गादीवरून न उठता म्हणाले, "मास्तर, कापूस बोलत नाही. तुमची पोरं लई बोलतात."

पुढच्या हंगामापासून शेड मिळणार नाही, हेही त्यांनी त्याच थंडपणाने सांगितलं.

*

शाळेच्या बांधकामाची ग्रँट मंजूर झाली तेव्हा आम्ही पंचायत समितीत पेढे घेऊन गेलो. ओव्हरसिअर साहेबांनी पेढ्याला हात लावला नाही. रागीट नव्हते, पण हसायचेही नाहीत.

"भिंतींचा पैसा आमचा, छप्पर तुमचं," ते म्हणाले. "मार्च एंडला छप्पर दिसलं नाही, तर उरलेला पैसा परत जाईल आणि हे वर्ग नाल्यापलीकडच्या गावाला."

नाल्याच्या आणि त्या गावाच्या मध्ये नुसतं जंगल. रहीम मिस्त्रीची शकीला सहावीत होती. त्याच्या घरात तिच्या आधी कोणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "मास्तर, शाळा नाल्यापल्याड गेली तं शकीला घरी बसली समजा."

पेढे आम्ही तसेच परत आणले. वाटेत कोणी खाल्ले नाहीत.

*

पायासाठी घरटी दगड गोळा केले. इथे एक नवीनच भानगड झाली. ज्याने दगड दिला त्याला तो दर्शनी भिंतीत हवा. आल्या-गेल्याला दाखवता आला पाहिजे ना! दोन भाऊ तर त्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि काम बंद पडलं. मार्च तोंडावर आलेला, आणि हे दगडाचे मानपान.

रहीम मिस्त्रीने एकेकाला बाजूला घेतलं. थोरल्याला म्हणाला, "भाऊ, तुमचा दगड सगळ्यात खाली, कोपऱ्यात घातला. सारी शाळा तुमच्यावरच उभी हाय." धाकट्यालाही तेच सांगितलं. पुढे कळलं, गावातल्या प्रत्येकाला त्याने हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट्याने घमेली उचलायला हजर.

*

छपराचे टीन, म्हणजे पत्रे, तेव्हा सरकारी परमिटवर मिळायचे. वर्गणी जमलेली, दुकानदार तयार, फक्त परमिट नाही. मी आणि सरपंच यवतमाळच्या फेऱ्या मारून थकलो. एकदा परमिटचे साहेब टूरवर. एकदा साहेब होते, पण सही करणारे दुसरे. मग सही झाली आणि शिक्का राहिला. सरपंच बाकावर बसून म्हणाले, "मास्तर, मले वाटते आपण इथंच शाळा काढू. छप्पर तं हाय."

गावी परतलो तर निरोप आलेला: ओव्हरसिअर साहेब परवा तपासणीला येतील.

भिंती उभ्या आणि वर आभाळ. आम्ही चौघं ओट्यावर बसलो. शेवटी यमुनाबाई उठल्या. "टीन कायले शोधून राह्यले यवतमाळात? गावात टीन नाही का?" त्यांनी शिडी घेतली आणि स्वतःच्या गोठ्याला लावली.

गावात टिनाची घरं थोडीच, बाकी सगळी कवेलूची, म्हणजे कौलांची. गोठ्याचे निघाले, सरपंचांच्या ओसरीचे निघाले, तरी पुरेनात. तेव्हा रहीम मिस्त्री आपल्या घरावर चढला. त्याचं घर म्हणजे एकच खोली.

*

साहेब आले. तिन्ही खोल्यांत फिरले आणि वर पाहत राहिले. एक टीन लाल, एक निळसर, एक चुलीच्या धुराने काळाकुट्ट. ही फसवणूक आहे आणि छप्पर झाल्याच्या कागदावर सही माझी आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

जमलेल्या पोरांतून साहेबांनी नेमकं शकीलालाच विचारलं, "छप्पर कधी झालं?"

"काल, साहेब."

"टीन कुठून आणले?"

"घरून."

रहीम मिस्त्रीच्या हातातली थापी खाली पडली. साहेब फक्त "हं" म्हणाले. पोरीचा राग करावा तरी कसा? खोटं बोलायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

मग चहा. आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय गावातून जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सरपंचांची इच्छा असो की नसो, साहेबांना त्यांच्या ओसरीवर न्यावंच लागलं. ओसरीवर भर दुपारचं ऊन. समोरच्या रहीम मिस्त्रीच्या घरात त्याची बायको उघड्या खोलीत डोक्यावर पदर ओढून भाकरी करत होती.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. वर पाहिलं, समोर पाहिलं आणि बशीत चहा ओतला. आम्ही चौघं उभेच.

"पावसाळ्याच्या आत परमिट मिळालं नाही तर?" त्यांनी विचारलं.

उत्तर रहीम मिस्त्रीने दिलं.

"तं आमी शाळेत राहू, साहेब."

साहेबांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली, छपराचा कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे पेन मागितलं.