मापात न बसलेला हंडा

मैत्रिणींनो, होस्टेलच्या नोटीस बोर्डावर मी सहसा काही लावत नाही. आज लावते आहे.

आमचे फोरमन निवृत्त होत आहेत. त्यांना द्यायचा तांब्याचा हंडा तपासून आणायला कारखान्यानं मला तांबट आळीत पाठवलं, कारण तपासणी हेच माझं काम.

हंडा दुकानदाराच्या मुलीनं, सुमननं घडवला होता. तिचा पहिलाच. वडील म्हणाले, "तुम्ही पास केलात तर उद्यापासून ती माझ्याशेजारी ठोकायला बसेल. नाहीतर चिंच लावून भांडी घासणं आहेच."

मी व्हर्नियर लावला. हातोडीच्या ठशांमधलं अंतर पोटावर चार मिलिमीटर होतं आणि बुडाकडे, गळ्याकडे वाढत सहा झालं होतं. "एकसारखं नाही," मी म्हणाले.

"ताई, मोजायला आलात की बघायला?" सुमन म्हणाली. "जरा मागं जाऊन बघा."

मागे गेले. सगळे ठसे एकसारखे दिसत होते. हंडा वळतो तिथे जे अंतर नजरेला कमी वाटलं असतं, ते तिनं आधीच वाढवून ठेवलं होतं.

"कशानं मोजलंस?"

"मोजलं नाही. डोळ्याला बरं वाटेपर्यंत ठोकत गेले."

मी व्हर्नियर मिटून पिशवीत टाकला. मग म्हणाले, "पास."

वडिलांनी स्वतःचं बसायचं पोतं थोडं बाजूला सरकवलं.

आता तुम्ही सांगा. ते सौंदर्य हंड्यात होतं की माझ्या डोळ्यांत? डोळ्यांत असेल, तर माझे डोळे तिला आधीच कसे ठाऊक होते? याच कागदाखाली पेन्सिलीनं लिहा.